तुमचा कंटेनर मलाक्कातून येतो तेव्हा

चीन, कोरिया, व्हिएतनामहून न्हावा शेवाला येणारा बहुतेक माल मलेशिया आणि सुमात्रा यांच्यामधल्या मलाक्का सामुद्रधुनीतून येतो. तिथे जहाजावर चोर चढल्याची बातमी आली की आमच्या मालवाहतुकीच्या ऑफिसातले फोन सुरू होतात : "आपला माल ठीक आहे ना?" काळजी रास्त आहे. म्हणूनच हे पत्रक.

वाट अरुंद, पाणी उथळ

सुमारे ८०० किलोमीटरची ही वाट सिंगापूरजवळच्या फिलिप चॅनेलमध्ये जेमतेम २.८ किलोमीटर रुंद उरते. पाणीही काही ठिकाणी २५ मीटरपेक्षा कमी खोल. त्यामुळे आमच्या मते चोरांपेक्षा टक्कर होण्याचा आणि जहाज रुतण्याचा धोका मोठा. १९७५ मध्ये 'शोवा मारू' हे तेलवाहू जहाज इथे खडकावर चढलं आणि हजारो टन तेल समुद्रात गेलं. १९८१ पासून येणाऱ्या आणि जाणाऱ्या जहाजांच्या मार्गिका वेगळ्या झाल्या. १९९८ पासून ३०० टनांवरच्या जहाजांना किनाऱ्यावरच्या नियंत्रण केंद्रांना व्हीएचएफ रेडिओवर वर्दी द्यावीच लागते. इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर नियंत्रणाचं हे काम रात्रंदिवस करतात, आणि नुसतं पार होणाऱ्या जहाजाकडून टोल घेत नाहीत. दीपस्तंभ आणि बोया (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) यांच्या देखभालीसाठी ऐच्छिक निधी आहे. त्यात भारतानेही पैसे दिले आहेत.

चोरीचं काय?

२००५ मध्ये लंडनच्या विमा बाजाराने ही सामुद्रधुनी युद्धजोखमीच्या, म्हणजे जहाजांसाठी जास्त धोक्याच्या मानलेल्या भागांच्या, यादीत टाकली होती. तिन्ही देशांची २००४ पासूनची नौदल गस्त आणि नंतर सुरू झालेली हवाई टेहळणी यांचा परिणाम दिसला, आणि २००६ मध्ये तिचं नाव यादीतून निघालं. आजच्या घटना मुख्यतः सिंगापूरच्या पट्ट्यात, रात्री होतात. संथ चालणाऱ्या, पाण्यालगत डेक असलेल्या मालवाहू जहाजांवर आणि बार्जवर (ओढून नेल्या जाणाऱ्या सपाट मालनौकांवर) चोर चढतात, बहुधा इंजिनाचे सुटे भाग नेतात. खलाशांसाठी हे भयंकरच आहे. तुमच्या सीलबंद कंटेनरला मात्र त्यांचा धोका कमी.

तुमची पॉलिसी उघडून पाहा

इथे आम्ही आग्रह धरतो. मालाच्या विम्याच्या ठरावीक अटींचे संच असतात, त्यांना क्लॉज म्हणतात. स्वस्त म्हणून घेतलेल्या 'सी' क्लॉजच्या विम्यात चोरी बसत नाही, चाचेगिरीही नाही. 'ए' क्लॉजमध्ये दोन्ही बसतात. युद्धाची जोखीम त्यातही नसते, ती वेगळी घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट 'जनरल अ‍ॅव्हरेज'. जहाज रुतलं आणि सगळ्यांचा माल वाचवण्यासाठी मुद्दाम खर्च करावा लागला, तर तो जहाजमालक आणि सर्व मालधनी यांच्यात वाटला जातो. तुमच्या मालाला ओरखडाही नसला तरी बाँड (आपला वाटा भरण्याचं लेखी वचन) आणि हमी दिल्याशिवाय कंटेनर सुटत नाही. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. नसेल तर रोख रक्कम तुम्हाला भरावी लागते.

मालाचं खरं वर्णन

लिथियम बॅटऱ्या 'इलेक्ट्रॉनिक सामान' म्हणून पाठवू नका, पुरवठादारालाही पाठवू देऊ नका. अशा गर्दीच्या वाटेत जहाजाला आग लागली तर माणसांचे जीव जातात. वजनाचंही तसंच : २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही.

पॉलिसी आणि पॅकिंग लिस्टची प्रत बुकिंगच्या वेळीच आमच्याकडे पाठवा. क्लॉज आणि वर्णन आम्ही तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही. जहाज सुटल्यावर मात्र त्यातलं फार थोडं बदलता येतं.