मराठीमुळे इंग्रजी कच्चं राहत नाही
एमएच्या वर्गात मराठी बोललं की इंग्रजी कच्चं राहतं, हा समज सोलापुरात वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. दोन भाषांनी बुद्धी मंदावते म्हणणाऱ्या अनेक जुन्या चाचण्यांत घरची आर्थिक परिस्थिती नीट धरलीच नव्हती. १९६२ साली पील आणि लँबर्ट या संशोधकांनी कॅनडातल्या माँट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांची ही परिस्थिती धरून तुलना केली, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत द्विभाषिक मुलंच सरस ठरली. पुढे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी मांडलं, की एका भाषेत कमावलेली विचारांची शिस्त दुसरीतही कामी येते.

सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू भाषिक विणकरांच्या वस्तीतली विद्यार्थिनी यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती तेलुगूत घेते, वर्गात मराठीतून वाद घालते, प्रबंध इंग्रजीत लिहिते. तेलुगू नसती, तर कामगार तिच्याशी एवढे मोकळे झाले असते का? इंग्रजी लेखनाचा सराव मात्र वेगळा करावाच लागतो.