वूरेनची सहा गावे आणि १९६३ ची अदलाबदल

वूरेन ही बेल्जियमच्या डचभाषक फ्लँडर्समधली पालिका, पण उरलेल्या फ्लँडर्सला ती कुठेच लागून नाही. उत्तरेला नेदरलँड्स, दक्षिणेला फ्रेंचभाषक लिएज प्रांत. मध्ये सहा गावे: मास नदीकडचे मूलिंगेन, मग स-ख्रावेनवूरेन, सिंट-मार्टेन्स-वूरेन, सिंट-पीटर्स-वूरेन, ट्योवेन आणि पूर्व टोकाला रेमर्सडाल. सुमारे ५० चौरस किलोमीटर मुलूख, वस्ती चारेक हजारांची. उतारांवर कुरणे आणि फळबागा.

सरंजामी काळात ही गावे डालहेम आणि लिंबुर्ग अशा दोन सत्तांत विभागलेली होती. फ्रेंच राजवटीत ती लिएजकडे आली आणि पुढे दीडशेहून जास्त वर्षे तिथेच राहिली. घरात बोली लिंबुर्गी वळणाची, म्हणजे डचच्या कुळातली आणि जर्मनलाही जवळची. बाजार, नोकरी आणि सरकारी काम मात्र फ्रेंचभाषक लिएजशी बांधलेले. म्हणूनच इथले जनगणनेचे आकडे जपून वाचावे लागतात. १९३० मध्ये डचभाषकांचे मोठे बहुमत नोंदले गेले, १९४७ मध्ये पारडे फ्रेंचकडे झुकले. मधल्या काळात दुसरे महायुद्ध आणि जर्मन अंमल येऊन गेला होता. जर्मनला जवळची बोली आपली म्हणून नोंदवायला अनेकजण कचरले असणार.

१९६२ मध्ये संसदेने देशाची भाषिक सीमा कायद्याने आखली. पश्चिमेकडची मुस्क्रॉन आणि कोमिन ही फ्रेंचभाषक ठिकाणे वेस्ट फ्लँडर्समधून काढून फ्रेंचभाषक एनो प्रांताला दिली आणि वूरेनची गावे लिएजमधून डचभाषक लिंबुर्ग प्रांतात टाकली. अंमल १ सप्टेंबर १९६३ पासून. मुस्क्रॉनच्या बाजूची लोकसंख्या वूरेनच्या कितीतरी पट, तरी हा व्यवहार तोलाचा मानला गेला. बोलीचा विचार करता निर्णयाला आधार होता, हे मान्य करायला हवे. पण स्थानिक मतचाचणीत प्रचंड बहुमत या प्रांतबदलाच्या विरोधात गेले होते आणि राजधानीने ते बाजूला ठेवले. नकाशावरचा हिशेब जुळवताना गावकऱ्यांना गृहीत धरले गेले. पुढच्या कडवटपणाचे मूळ इथेच आहे. फ्रेंचभाषकांना पालिकेशी आपल्या भाषेत व्यवहार करण्याची सवलत मिळाली, पण तिने कोणाचेच समाधान झाले नाही.

१९७७ मध्ये सहा गावांची एक पालिका झाली आणि भांडण एकाच सभागृहात आले. रस्त्यांवर मोर्चे, हाणामाऱ्या, गावांच्या नावाच्या पाट्यांना फासलेला रंग. १९८२ च्या निवडणुकीत लिएजला परतण्याची मागणी करणारा गट जिंकला. त्याच्या नेत्याने महापौर झाल्यावर डचचे ज्ञान सिद्ध करण्यास नकार दिला. १९८६ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याची नियुक्ती रद्द केली, आणि १९८७ मध्ये याच वादावर देशाचे सरकार पडले.

२००० साली युरोपीय संघाच्या इतर देशांतल्या रहिवाशांनाही पालिका निवडणुकीत मताधिकार मिळाला. सीमेपलीकडून इथे राहायला आलेल्या नेदरलँड्सच्या नागरिकांची मते निर्णायक ठरली आणि १५ पैकी ८ जागा डचभाषक गटाकडे गेल्या. फ्रेंचभाषकांच्या सवलती मात्र कायम राहिल्या.