फोरक्लोजरनंतर विकत घेतलेल्या घराची मालमत्ता कर आकारणी (अमेरिका)

गृहकर्ज थकल्यामुळे जप्त झालेले घर लिलावात किंवा बँकेकडून विकत घेतल्यावर त्याचे करमूल्य, म्हणजे कर आकारण्यासाठी धरलेले मूल्य, नव्याने ठरवण्याची वा तपासून घेण्याची प्रक्रिया. अमेरिकेत मालमत्ता कर राज्यांच्या कायद्यांनुसार काउंटी (जिल्ह्यासारखे प्रशासकीय विभाग), शहरे आणि शाळा-जिल्हे आकारतात, त्यामुळे देशभर एकच नियम नाही. एक गोष्ट मात्र जवळपास सगळीकडे खरी ठरते: घर स्वस्तात पदरात पडले म्हणून कर आपोआप उतरत नाही. उलट पहिल्या पूर्ण वर्षाचे बिल जुन्या मालकाच्या बिलापेक्षा चढे येण्याचाच संभव बराच असतो.

किंमत आणि मूल्य

कर लागतो तो साधारणपणे बाजारमूल्याच्या आधारे. विकण्याची घाई नसलेला विक्रेता आणि घेण्याची सक्ती नसलेला, माहीतगार खरेदीदार यांच्यात, घर पुरेसा काळ बाजारात राहून ठरते ते बाजारमूल्य. फोरक्लोजरमध्ये बहुधा दोन व्यवहार एकामागून एक होतात आणि ते वेगवेगळे ओळखायला हवेत. पहिला लिलावाचा. तिथे पुष्कळदा बँक स्वतःच बोली लावून घर घेते. बाहेरच्या बोलीदाराला घर सहसा आतून पाहायला मिळत नाही आणि पैसे अगदी थोड्या मुदतीत भरावे लागतात. ही किंमत बाजारमूल्याचा पुरावा म्हणून क्वचितच टिकते. दुसरा व्यवहार म्हणजे बँकेच्या नावावर आलेले घर, ज्याला ‘आरईओ’ म्हणतात, ते एजंटमार्फत खुल्या बाजारात विकणे. इथे गिऱ्हाईक घर पाहते, तपासणी करून घेते, घासाघीस करते. या किमतीला पुराव्यात अधिक वजन मिळते. असेसर, म्हणजे करमूल्य ठरवणारा अधिकारी, तरीही विचारणारच की बँकेला घर लवकर काढून टाकायचे होते का.

पूर्वी बरेच असेसर असे व्यवहार सरसकट बाजूला ठेवत. २००८ च्या सुमारास घरबाजार कोसळला तेव्हा काही वस्त्यांत जप्त घरांखेरीज फारसे काही विकलेच जात नव्हते. ते व्यवहार वगळून काढलेले मूल्य प्रत्यक्ष बाजाराच्या कितीतरी वर राही आणि त्याचा भार शेजारच्या, हप्ते नियमित भरणाऱ्या कुटुंबांवरही पडे. टेक्सासने २००९ मध्ये कायदा बदलला: मालक स्वतः राहत असलेल्या घराचे मूल्य काढताना, त्याच परिसरातले तुलनायोग्य घर मागील तीन वर्षांत फोरक्लोजरमध्ये विकले गेले एवढ्याच कारणाने ते हिशेबातून वगळता येत नाही. इलिनॉयने २०१० मध्ये ‘सक्तीच्या विक्री’ची व्याख्या कायद्यात घातली. कर्जाच्या रकमेहून कमी किमतीत कर्जदात्याच्या संमतीने झालेली विक्री आणि फोरक्लोजरनंतर बँकेने केलेली पहिली विक्री या दोन्ही तीत येतात. करमूल्याविरुद्धची अपिले ऐकणाऱ्या मंडळाने तुलनेसाठी त्या विचारात घेतल्याच पाहिजेत. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटमध्ये मात्र बाजार पडल्यानंतरही कित्येक घरांचे करमूल्य राज्यघटनेने घातलेल्या, बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा वर्षानुवर्षे जास्त राहिले आणि शहरभर फेरमूल्यांकन पुरे व्हायला २०१७ उजाडले.

मर्यादा सुटणे

सर्वांत मोठा धक्का बसतो तो इथे. अनेक राज्यांत जुन्या मालकाच्या करमूल्याच्या वार्षिक वाढीला मर्यादा असते आणि मालकी बदलली की ती सुटते. फ्लोरिडात राहत्या घराची वाढ वर्षाला ३ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त होत नाही; मालकी बदलल्यानंतरच्या १ जानेवारीला घर पुन्हा पूर्ण बाजारमूल्यावर येते. टेक्सासात हीच मर्यादा १० टक्क्यांची आहे. म्हणून विक्रीच्या जाहिरातीत छापलेला ‘गेल्या वर्षीचा कर’ पाहून मासिक हप्त्याचे गणित मांडू नये.

मिशिगनमध्ये बँकेने जप्तीत घर घेतले हे हस्तांतरण धरले जात नाही. बँक पुढे ज्याला विकते त्याच्या वेळी ते धरले जाते आणि पुढच्या वर्षी मर्यादा सुटते. मालमत्ता हस्तांतरणाचे प्रतिज्ञापत्र ४५ दिवसांत द्यावे लागते. शिवाय खरेदीची किंमत हेच घराचे खरे मूल्य असे गृहीत धरता येणार नाही, असे तिथला कायदा स्पष्ट सांगतो.

कॅलिफोर्नियाची रीत उलटी. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीनुसार घर विकत घेतल्या वेळचे मूल्य हा पाया ठरतो आणि त्यावर वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ होते. खरेदीची किंमत हेच ते मूल्य असे गृहीत धरले जाते, पण दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊ शकत नव्हता, अशा व्यवहारातच. लिलावाची किंमत अडते ती या अटीवर. पाया चुकीचा बसला तर तो पुढची सगळी वर्षे सोबत राहतो. म्हणून त्या वर्षी किंवा नंतरच्या तीन वर्षांत, नियमित मुदतीत अर्ज करून तो दुरुस्त करून घेता येतो.

अपील कसे उभे करावे

आधी असेसरकडून आलेल्या करमूल्याच्या नोटिशीतला आकडा नीट वाचावा. शिकागो ज्यात येते त्या कूक काउंटीत घराचे करमूल्य बाजारमूल्याच्या १० टक्के असते, मिशिगनमध्ये ५० टक्के. कूक काउंटीतला २४,००० डॉलरचा आकडा म्हणजे २,४०,००० डॉलरचे घर.

समजा, हे घर बँकेकडून १,६५,००० डॉलरना मिळाले. नुसता खरेदीदस्त पुढे केला तर ‘ही अडचणीची विक्री’ म्हणून तो बाजूला सारला जाण्याची भीती असते. त्यापेक्षा त्याच भागातली, तेवढ्याच क्षेत्रफळाची आणि वयाची तीन ते पाच घरे घ्यावीत, त्यांत साध्या विक्री आणि बँकेच्या विक्री दोन्ही असाव्यात. चांगल्या स्थितीतली घरे २,३५,००० च्या आसपास गेली असतील आणि या घराला ३०,००० डॉलरची दुरुस्ती लागत असेल, तर २,०५,००० ची मागणी समर्थनीय होते. कर बाजारमूल्याच्या २ टक्के धरला तर वर्षाला ७०० डॉलर वाचतात.

दुरुस्तीचा पुरावा मूल्यांकनाच्या तारखेचा हवा, आणि बहुतेक अपिले फसतात ती इथेच. पुष्कळ राज्यांत ही तारीख १ जानेवारी आहे. रिकाम्या घरात हिवाळ्यात पाइप फुटलेले, बुरशी चढलेली, भिंतींतून तांब्याच्या तारा ओढून नेलेल्या, स्वयंपाकघरातली कपाटे गायब: हे सगळे काम सुरू करण्यापूर्वी, तारीख दिसेल अशा फोटोंत टिपावे. ठेकेदाराचा लेखी, बाबवार अंदाज आणि खरेदीपूर्व तपासणीचा अहवाल जोडावा. जूनमध्ये नवे किचन बसवून मग ‘जानेवारीत घर पडीक होते’ म्हटले तर दाखवायला हाती काही उरत नाही. असेसरच्या नोंदपत्रकाची प्रतही मागून घ्यावी. त्यात नसलेले न्हाणीघर किंवा कधीच पूर्ण न झालेले तळघर सापडले, तर ती दुरुस्ती मूल्याच्या वादापेक्षा लवकर होते.

मुदती कडक असतात. टेक्सासात १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यांपैकी नंतरची तारीख. फ्लोरिडात ऑगस्टच्या सुमारास येणारी नोटीस टपालात पडल्यापासून २५ दिवस. अपील चालू असले तरी बिल वेळेवर भरावे.

बिले, सवलती आणि थकबाकी

पहिले बिल अनेकदा जुन्या पत्त्यावर किंवा बँकेकडे जाते. बिल मिळाले नाही ही सबब चालत नाही: कॅलिफोर्नियात १० डिसेंबर आणि १० एप्रिल चुकला की त्या हप्त्यावर १० टक्के दंड लागतो. तिथे मालकी बदलल्यावर येणारे पूरक बिलही सहसा थेट मालकाकडे येते आणि कर्जदात्याच्या एस्क्रो खात्यातून (हप्त्याबरोबर कराचे पैसे जमा होतात त्या खात्यातून) भरले जाईल या समजुतीत ते पडून राहते.

राहत्या घराची सवलत नव्या मालकाला स्वतः अर्ज करून घ्यावी लागते. फ्लोरिडात त्याची तारीख १ मार्च. भाड्याने द्यायला घेतलेल्या घराला ती मिळत नाही.

मालमत्ता कराचा बोजा साधारणपणे गृहकर्जाच्या आधी येतो, त्यामुळे कर्जाच्या फोरक्लोजरने तो पुसला जात नाही. बँक आरईओ विकताना थकबाकी बहुधा चुकती करते. लिलावात मात्र ती खरेदीदाराच्या गळ्यात पडते, म्हणून बोलीपूर्वी काउंटीच्या कर कार्यालयातून थकबाकीचा दाखला घ्यावा आणि त्यात पाणी, गटार, पदपथ यांचे विशेष आकारही तपासावेत. करच थकल्यामुळे काउंटीने विकलेल्या घराची गोष्ट निराळी: तिथे जुन्या मालकाला घर सोडवून घेण्याची मुदत काही राज्यांत विक्रीनंतरही चालू राहते, आणि ती संपेपर्यंत दुरुस्तीवर मोठा खर्च करणे धोक्याचे असते.