इन्व्हेस्टिगेट

‘इन्व्हेस्टिगेट’ हे तपास करणे, छडा लावणे, पुराव्यांच्या आधारे एखाद्या गोष्टीच्या मुळाशी जाणे या अर्थांचे इंग्रजी क्रियापद आहे. ते लॅटिनमधल्या ‘इन्व्हेस्टिगारे’वरून आले. या लॅटिन शब्दाच्या पोटात ‘व्हेस्टिगियम’ म्हणजे पाऊलखूण आहे. आपले ‘माग काढणे’ त्याच्या इतके जवळ आहे, की दुसरे भाषांतर शोधायची गरज पडू नये.

शब्द मुळात शिकारीतला. रोमन वक्ता सिसेरो याने इ. स. पू. ४५ मध्ये कुत्र्यांबद्दल लिहिताना, माग काढण्यात त्यांचे नाक किती अफाट तीक्ष्ण असते हे सांगण्यासाठी हेच क्रियापद वापरले. पुढच्याच वर्षी, सत्याचा शोध घेणे हा खास माणसाचा गुण आहे असे सांगताना त्याने याच क्रियापदाचे नाम योजले. जमीन हुंगत जाणारे जनावर आणि सत्याच्या मागे लागलेला माणूस, दोघांना एकच शब्द पुरला. ही झेप मला फार मोलाची वाटते.

त्या दुसऱ्या ठिकाणी सिसेरोने ‘इन्क्विझितिओ’ हा शब्दही जोडीला ठेवला आहे. इंग्रजी ‘इन्क्वायर’ त्याच कुळातले. दोन्ही क्रियापदे चौकशीचीच, पण आजच्या वापरात त्यांचा कल वेगळा. गाडीची वेळ विचारायची तर ‘इन्क्वायर’ करतात, कारण उत्तर देणारे कोणीतरी असते. अपघाताचे कारण मात्र ‘इन्व्हेस्टिगेट’ करावे लागते. घडायचे ते घडून गेलेले असते आणि हाती उरतात त्या केवळ खुणा.

इंग्रजीत आधी ‘इन्व्हेस्टिगेशन’ हे नाम आले, पंधराव्या शतकात. क्रियापद सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचे. अवशेष या अर्थाचा ‘व्हेस्टिज’ त्याच पाऊलखुणेतून निघाला आणि जीवशास्त्रातली ‘व्हेस्टिजियल’, म्हणजे अवशेषरूपाने उरलेली, अंगेही. तपासातला ‘क्लू’ मात्र वेगळ्या वाटेने आला. तो मुळात सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसिअस अशाच सुताच्या आधाराने चक्रव्यूहासारख्या वास्तूतून बाहेर पडला.

संस्कृतातही वाट अशीच दिसते. ‘अन्वेषण’मधला ‘अनु’ म्हणजे मागोमाग. आणि ‘गवेषणा’ हा आज संशोधनासाठी वापरला जाणारा भारदस्त शब्द मुळात गायींच्या शोधाचा आहे.