बावीस यार्डांना सोळा माणसं

रोमन साम्राज्य कोसळलं आणि युरोपात अंधारयुग सुरू झालं, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलंय. त्या अंधारात मोजमाप, हिशेब, नगररचना कुणाला जमत नसणार, असं आपण धरूनच चालतो. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डपासून वीसेक किलोमीटरवर थेम्सकाठी वॉलिंगफर्ड नावाचं छोटं गाव आहे. एक बाजू नदीची, उरलेल्या तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, आत काटकोनात छेदणारे रस्ते. इतकं आखीव काम रोमनांचंच असणार, असं जुन्या अभ्यासकांना वाटायचं. सोळाव्या शतकात विल्यम कॅम्डेनने तर रोमनांचं 'कॅलेवा' शहर ते हेच, असं मानलं. कॅलेवा पुढे सिल्चेस्टरला निघालं. वॉलिंगफर्डचा तट अँग्लो-सॅक्सनांचा, म्हणजे रोमनांनंतर इंग्लंडमध्ये वसलेल्या लोकांचा आहे, नेमका त्या 'अंधारा'तला.

तो का बांधला, याचं उत्तर नदीत आहे. डेन लोकांच्या, म्हणजे चढाया करणाऱ्या व्हायकिंगांच्या होड्यांना फार खोल पाणी लागत नसे, त्यामुळे त्या नदीतून थेट देशाच्या पोटात शिरत. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड (871 ते 899) याने मोठ्या लढाईची वाट पाहण्यापेक्षा मोक्याच्या जागा कायम शिबंदी ठेवून धरायचं ठरवलं. अशा तटबंदीच्या गावाला 'बर्ह' म्हणत. वॉलिंगफर्डला थेम्स पायी ओलांडता येई. गावाच्या नावातला 'फर्ड' म्हणजे हा उतारच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. 'बर्गल हायडेज' नावाची एक यादी आहे, आल्फ्रेडचा मुलगा एडवर्ड याच्या काळातली, दहाव्या शतकाच्या सुरुवातीची. तीत सुमारे 30 बर्ह आहेत आणि प्रत्येकाला किती 'हाइड' जमीन जोडली, त्याचा आकडा आहे. हाइड म्हणजे एका कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी जमीन. वॉलिंगफर्डचा आकडा 2,400. राजधानी विंचेस्टरचाही तेवढाच, आणि यादीत याहून मोठा आकडा नाही.

यादीच्या एका प्रतीत शेवटी सूत्रही दिलंय: दर हाइडमागे एक माणूस, तटाच्या 'एकराच्या रुंदी'ला 16 माणसं, एका 'पोल'ला 4. म्हणजे एकराची रुंदी 4 पोलांची. पण पोल केवढा? ते यादीत नाही. नंतरच्या इंग्लिश मापांत पोल साडेसोळा फुटांचा असतो. तोच धरला, तर एकराची रुंदी होते 66 फूट, म्हणजे 22 यार्ड. क्रिकेटची खेळपट्टी! हे माप आलं नांगरातून. बैल न थांबता ओढतील अशी 220 यार्डांची लांब सरी आणि 22 यार्ड रुंदी, झाला एक एकर.

मग 2,400 ला 16 ने भागा: 150. म्हणजे 150 खेळपट्ट्या एकापुढे एक. 3,300 यार्ड, 9,900 फूट, साधारण 3 किलोमीटर. विंचेस्टरचा तट रोमनांनी बांधलेला आणि सॅक्सनांनी वापरात घेतलेला. त्याची लांबी भरते 9,954 फूट. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास! पोल केवढा होता, हे त्या भिंतीनेच सांगितलं.

आपल्याकडच्या सातबाऱ्याशीही या मापाचं नातं आहे. इंग्रजांची मोजणीची साखळी 66 फुटांची. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, म्हणून एकराचे गुंठे 40. गुंठ्याची एक बाजू वॉलिंगफर्डच्या हिशेबात आठ माणसांची. एका माणसाच्या वाट्याला सव्वा मीटर तट येतो. हात पसरले तर शेजाऱ्याला लागतील, एवढाच.

इथे सावध व्हायला हवं. विंचेस्टरचा आकडा जुळल्यावर प्रत्येक बर्हची भिंत सूत्रात बसवण्याचा मोह होतो. अनेक ठिकाणी ती बसत नाही. अशा वेळी सोयीची भिंत तेवढी मोजायची आणि 'प्राचीनांचं गूढ गणित' म्हणून मिरवायचं, हा प्रकार इंग्लंडमध्ये काय किंवा आपल्या मंदिरांच्या बाबतीत काय, सारखाच चुकीचा. यादी शिबंदीच्या तरतुदीची आहे, तिच्यात गूढ काही नाही. सगळ्या बर्हांची बेरीज सुमारे 27 हजार माणसं होते. एवढ्यांची मोजदाद ठेवणारा काळ अडाणी नव्हता.

अर्थात कागदावरची माणसं तटावर उभी असतातच असं नाही. 1006 मध्ये डेनांनी वॉलिंगफर्ड जाळलं. 1066 मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकलेला नॉर्मन विल्यम लंडनच्या पुलाशी अडला, वर आला आणि इथेच थेम्स ओलांडून गेला. लगेच गावाच्या ईशान्य कोपऱ्यात किल्ला उभा राहिला. विल्यमने करवून घेतलेल्या 1086 च्या डूम्सडे या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत त्याच्यासाठी पाडलेल्या आठ घरजागांची नोंद आहे. पुढे इंग्लंडच्या गादीसाठी यादवी पेटली, तेव्हा गादीवर हक्क सांगणारी सम्राज्ञी मटिल्डा 1142 च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या वेढ्यातून पांढऱ्या कपड्यांत बर्फावरून निसटली, ती याच किल्ल्यात आली. 1153 चा ही यादवी संपवणारा समेटही इथल्याच नदीकाठी सुरू झाला.

मग 1416 मध्ये वरच्या अंगाला अ‍ॅबिंग्डन आणि कल्हमला पूल झाले, व्यापाराची वाट तिकडे वळली आणि वॉलिंगफर्ड वाढायचं थांबलं. किल्ला 1652 मध्ये पाडला. गाव वाढलं नाही म्हणून तटही कुणी सपाट केला नाही. पश्चिमेला किनक्रॉफ्ट आणि बुलक्रॉफ्ट ही दोन हिरवी मैदानं तटाच्या आतच मोकळी राहिली आहेत. त्यांच्या कडेला हजार वर्षांपूर्वीचा मातीचा बांध अजून चढून जाता येतो.