तीस अंशांचा पाय

विहिरीच्या तळाशी थरथरणारं जॅकहॅमर, म्हणजे हवेच्या दाबावर खडकात सुरुंगाचं होल पाडणारं यंत्र, त्याला धरून उभा असलेला एक गडी आणि हँडलवर चक्क चढून बसलेला दुसरा. असे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात आणि खाली 'याला म्हणतात ताकद' असं कौतुकही असतं. ताकद आहे, यात वाद नाही. पण वर माणूस बसवला की होल लवकर पडतं, हा समज चुकीचा आहे. एका मर्यादेपर्यंत रेटा वाढवला तर वेग वाढतो, पुढे तो थबकतो आणि त्याहीपुढे रेटलं तर कमी होतो. ही मर्यादा नेमकी किती, हे आठवी-नववीच्या भौतिकशास्त्रातून काढता येतं.

आधी यंत्राच्या पोटात काय चालतं ते पाहू. सुरुंगाचं होल पूर्वी हाताने मारत, तेव्हा एकजण पहार धरून प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवायचा आणि दुसरा घण घालायचा. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातली रेल्वे अशाच घावांवर आणि सुरुंगाच्या दारूवर कोरली गेली. जॅकहॅमरमध्ये ही दोन्ही माणसं एकाच नळकांड्यात बसवलेली आहेत. दर चौरस सेंटिमीटरला ५ ते ६ किलो दाबाची हवा एका पोलादी दट्ट्याला पुढे फेकते आणि तो रॉडच्या, म्हणजे खडकात शिरणाऱ्या पोलादी दांड्याच्या, बुडावर आदळतो. मिनिटाला साधारण २००० वेळा. दट्ट्या मागे येताना पिळाच्या खाचा असलेल्या एका दांड्यावरून सरकतो. या दांड्याला रायफल बार म्हणतात. पुढे जाताना हा दांडा मोकळा फिरतो. मागे येताना मात्र पावल, म्हणजे खटके, त्याला अडवून धरतात, त्यामुळे फिरावं लागतं दट्ट्यालाच. दट्ट्याबरोबर चक, म्हणजे रॉड धरणारी पकड, फिरतो, चकाबरोबर रॉड. प्रत्येक घावाला बिटाची, म्हणजे रॉडच्या टोकावरच्या पात्याची, धार खडकावर नव्या जागी बसते ती अशी.

ठोका जातो तो पुढे जाणाऱ्या फेरीत आणि रॉड फिरतो तो मागे येणाऱ्या फेरीत, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे लागणार आहे.

आता रेट्याचा हिशेब. दट्ट्या २ किलोचा आणि आदळतानाचा वेग सेकंदाला ८ मीटर धरू. संवेग झाला १६ एकक. सेकंदाला ३३ ठोके, म्हणजे १६ गुणिले ३३, सुमारे ५३० न्यूटन. हा सरासरी ५४ किलोचा जोर झाला. दट्ट्या आदळून थोडा उसळतोही, ते धरलं तर आकडा ६०च्या आसपास जातो. जी हवा दट्ट्याला पुढे ढकलते तीच यंत्राच्या खोळीला तेवढ्याच जोराने मागे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम इथे प्रत्येक ठोक्याला वसुली करतो. खोळ जागेवर राहायची असेल तर बाहेरून कुणीतरी सरासरी ६० किलोने तिला पुढे रेटत राहिलं पाहिजे. यंत्र बदललं की आकडा बदलेल, पण हिशेबाची रीत हीच.

विहिरीत उभं होल मारताना २४ किलोचं यंत्र स्वतःच्या वजनाने खाली दाबतंच. उरलेले ३६ किलो माणसाने हातांवर थोडं ओणवं होऊन द्यायचे. धडधाकट माणसाला ते जमतं, म्हणून उभ्या होलला वेगळा टेकू लागत नाही आणि वर बसणारा गडी तर अजिबात लागत नाही.

खरी पंचाईत आडव्या होलची. बोगद्याच्या तोंडावर, कालव्याच्या भुयारात किंवा नागपूर-भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या भूमिगत खाणीत होल समोरच्या भिंतीत मारायचं असतं. तिथे यंत्राचं वजन मदतीला येत नाही. ते उचलून धरावं लागतं आणि वर ६० किलोने पुढेही रेटावं लागतं. माणूस ६० किलोचा आणि हातात २४ किलोचं यंत्र. ओल्या दगडावर बुटाचं घर्षण वजनाच्या निम्मं धरलं तर त्याचे पाय ४२ किलोला घसरायला लागतात. म्हणजे दंड कितीही भरलेले असोत, हा रेटा माणसाला जमिनीकडून मिळतच नाही.

आल्प्समधल्या फ्रेजूस बोगद्यात १८६१ पासून जर्मान सोमेये या अभियंत्याची हवेवर चालणारी ड्रिलं वापरली गेली, ती भल्या थोरल्या गाड्यावर बसवून. पुढे छत आणि जमीन यांच्यामध्ये स्क्रूने ताठ आवळलेला लोखंडी खांब आला आणि यंत्र त्यावर चढवू लागले. खांब उभा करायचा, हलवायचा, पुन्हा आवळायचा, यातच पाळीचा मोठा भाग जायचा. स्वीडनमध्ये १९४०च्या दशकात हलकं ड्रिल, टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या टोकाचा रॉड आणि एअर लेग असं त्रिकूट जमलं आणि एका माणसाने एक यंत्र चालवणं शक्य झालं.

एअर लेग म्हणजे हवेने लांब होणारा पाय. एक सिलिंडर, त्यात दांडा, वरचं टोक बिजागरीने यंत्राच्या पोटाला जोडलेलं आणि खालच्या टोकाला नखं. हवा सोडली की पाय लांब होऊ पाहतो आणि यंत्राला तिरकं, वर-पुढे ढकलतो. या तिरक्या जोराचे दोन भाग पडतात. उभा भाग यंत्र उचलून धरतो आणि आडवा भाग ते खडकावर रेटतो. उचल आणि रेटा, दोन्ही एकाच नळीतून.

पण हे दोन्ही सुटे सुटे ठरवता येत नाहीत. यंत्राचं वजन, त्यात पायाच्या वजनाचा निम्मा वाटा आणि थोडा रॉडचा, मिळून ३५ किलो धरू. उचल बरोबर ३५ किलोच हवी. जास्त झाली तर यंत्र वर जातं, कमी पडली तर खाली बसतं, आणि दोन्हीकडे रॉड वाकतो. उचल ३५ला बांधली की रेटा किती मिळणार हे हवा ठरवत नाही, पायाचा कोन ठरवतो. रेटा म्हणजे ३५ गुणिले त्या कोनाचा कोटॅन्जंट, म्हणजे पायाची आडवी लांबी भागिले उभी उंची. पाय जमिनीशी ६० अंशांत उभा असेल तर रेटा जेमतेम २० किलो. ४५ अंशांत ३५ किलो. ३० अंशांत ६० किलो, म्हणजे दट्ट्याच्या हिशेबातून निघाला तोच आकडा. जाणता ड्रिलर पाय साधारण तिशीत ठेवतो. त्याने कोटॅन्जंटचं नाव ऐकलेलं नसेल, पण यंत्र उड्या मारायचं थांबतं तो कोन त्याच्या हाताला ठाऊक असतो.

होल पडतं तसं यंत्र पुढे सरकतं, नखं मात्र जागेवरच असतात. बिजागरी जमिनीपासून १ मीटरवर आणि नखं तिच्या १ मीटर मागे अशी सुरुवात केली तर कोन ४५ अंश. होलचं तोंड पाडताना, म्हणजे सुरुवातीला, कमी रेटा हवाच असतो, ते इथे आयतं मिळतं. यंत्र १.२ मीटर पुढे गेलं की कोन उतरून २४ अंशांवर येतो आणि रेटा ७७ किलोंवर जातो. तेवढ्यात पायातला जोर ५० किलोंवरून ८५वर न्यावा लागतो, नाहीतर उचल कमी पडून यंत्र नाक खाली घालतं. म्हणून हँडलवरची पायाची चावी सतत थोडी थोडी उघडत न्यायची. पाय पंचविशीच्या खाली उतरला की थांबायचं, आखडण्याचं बटण दाबून पाय आत घ्यायचा, नखं पुढे आणून पुन्हा रोवायची.

चावी पूर्ण उघडून कामाला लागणं ही नवशिक्याची ठरलेली चूक. ६५ मिलिमीटर व्यासाच्या पायात साडेपाच किलो दाबाची हवा पूर्ण सोडली तर १८० किलोंचा जोर तयार होतो. तीस अंशांत उचल ९० आणि रेटा १५५च्या वर. यंत्र वर उसळू पाहतं, रॉड होलच्या वरच्या ओठावर घासतो, आणि फिरणं बंद पडतं. का बंद पडतं? रॉड फिरतो तो दट्ट्याच्या परतीच्या फेरीत आणि त्या फेरीचा जोर मुळात बेताचा. बिट खडकात इतकं दाबलं की तो जोर पुरत नाही. मग धार त्याच खाचेत पुन्हा पुन्हा आदळते, होल गोल राहत नाही, चुरा बाहेर पडत नाही आणि रॉड अडकतो. हँडलवर बसलेला गडी नेमकं हेच करत असतो.

रेटा कमी पडला तर नुकसान निराळं, आणि ते समजायला रॉडच्या आत शिरावं लागेल. दट्ट्याचा ठोका रॉडमधून दाबाची लाट बनून सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने जातो. १.६ मीटरचा रॉड ती एक तृतीयांश मिलिसेकंदात पार करते. पलीकडे बिट खडकाला घट्ट टेकलेलं असेल तर लाटेतली बरीच ऊर्जा खडकात उतरते. केसाएवढी जरी फट असली तरी ते टोक मोकळं ठरतं. मोकळ्या टोकावरून दाबाची लाट परतते ती ताणाची लाट होऊन. पोलाद दाब सोसतं, वारंवारचा ताण सोसत नाही. बारीक चिरा पडतात, कार्बाइडची पट्टी सुटते आणि एक दिवस रॉड मानेत तुटतो. मोकळं खडखडणारं यंत्र ऐकलं की समजावं, पोलाद खर्ची पडतंय आणि खडक शाबूत आहे.

आता नखांकडे वळू. तीस अंशांत पाय जमिनीला जितका खाली दाबतो त्याच्या १.७ पट मागे ढकलतो. निव्वळ घर्षणावर टिकायला घर्षणांक १.७ लागेल. ओल्या दगडावर लोखंडाचा तो अर्ध्याच्या वर क्वचितच जातो. म्हणून पाय गुळगुळीत फरशीसारख्या बेसाल्टवर नुसता ठेवायचा नाही. छिन्नीने दोन बोटं खोल खळगी करायची, किंवा आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी टाकून तिचं मागचं टोक कशाला तरी भिडवायचं. सुट्या दगडांच्या ढिगावर रोवलेला पाय आधी धरल्यासारखा वाटतो आणि रेटा वाढला की एकदम निसटतो.

वरच्या आणि खालच्या ओळीची होलं त्रास देतात. बिजागरी १.६ मीटरवर गेली तर तिशीच्या कोनाला ३.२ मीटरचा पाय लागेल. तेवढा लांब पाय सहसा नसतो. मग पाय साठीत उभा करून हाताने ढकलत बसण्यापेक्षा मजबूत मचाण बांधून वर चढावं. अगदी तळाच्या होलला उलट अडचण. पाय जवळजवळ आडवा पडतो, रेटा भरमसाट आणि उचल नाहीच. तिथे आखूड पाय लावतात, किंवा यंत्राखाली लाकडी ठोकळा देऊन उचलीचं काम त्याच्यावर सोपवतात. छतात सरळ वर मारायच्या होलला स्टोपर नावाचं वेगळं यंत्र असतं. त्याचा पाय यंत्राच्या रेषेतच असतो, कोनाची भानगड नाही.

तोंड पाडताना ०.८ मीटरचाच रॉड घ्यावा. खडकाला छिन्नीने खोबण पाडून त्यात बिट टेकवायचं, अर्ध्या हवेवर बोटभर खोल जाऊ द्यायचं, मग हवा वाढवायची. नेहमीच्या संचात ०.८ मीटरच्या रॉडचं बिट ३४ मिलिमीटर, १.६चं ३३ आणि २.४चं ३२ असतं. बिट कडेने झिजतं, त्यामुळे पुढचं बिट मागच्यापेक्षा बारीक नसेल तर ते अडकणारच. तोंड पाडताना सोबत्याने फिरता रॉड हाताने धरणं किंवा बुटाने दाबणं सर्रास दिसतं. हातमोजा रॉडला गुंडाळला गेला की मनगट सोडवायला वेळ मिळत नाही. गळ्यातला टॉवेलही तसाच.

यंत्राच्या बाजूला उभं राहायचं, एक पाय पुढे, एक मागे. हात दिशा देण्यापुरते, अंग त्यावर टाकायचं नाही. रॉड अचानक तुटला तर एअर लेग यंत्राला त्याच ६० किलोने पुढे फेकतो आणि ओणवा माणूस यंत्रासकट खडकावर जातो. हँडल घट्ट आवळल्याने कंपनं कमी होत नाहीत, उलट हातात जास्त उतरतात. अशा कंपनांनी बोटं पांढरी आणि बधिर होतात, हे कामगारांच्या आजारांच्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानाच्या चुनखडी खाणींतल्या कामगारांत नोंदवलं होतं. 'कंपनरोधक' म्हणून विकल्या जाणाऱ्या हातमोज्यांचा इथे फारसा उपयोग नाही. ते वरच्या वारंवारतेची कंपनं शोषतात, ड्रिलचा मुख्य ठोका सेकंदाला तीस-पस्तिसाचा.

तशीच गुळाची समजूत. काम संपल्यावर गुळाचा खडा खाल्ला की धूळ उतरते म्हणतात. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ असते फुप्फुसात. सिलिकोसिसचे, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे, व्रण गुळाने भरत नाहीत. धुळीवर इलाज रॉडच्या मधल्या छिद्रातून येणारं पाणी, आणि ते ठोका सुरू व्हायच्या आधी चालू करायचं. गूळ चहात घाला.

दख्खनच्या थरांत काळ्या पाषाणातून बिट एकदम तांबड्या मातीच्या पट्ट्यात किंवा मऊ मांजऱ्या खडकात शिरतं, तेव्हा यंत्र झटकन पुढे धावतं. तिथे लगेच पायाची चावी आवळायची, रॉड फिरता ठेवून हातभर मागे घ्यायचा, चुरा धुऊन काढायचा आणि कमी रेट्यावर पुन्हा शिरायचं. अडकलेला रॉड काढायला पाय उलटा लावून खेचू नये, चकाचं तोंड खराब होतं. पान्याने रॉड फिरवत मोकळा करावा.

आणि तोंडाची जागा निवडताना मागच्या सुरुंगाचं उरलेलं बूड कधीही निवडू नये. मोह होतो, कारण बिट तिथे आपसूक बसतं, खोबण पाडावी लागत नाही, पाय घसरत नाही. त्या बुडात न उडालेली दारू असू शकते आणि वर मिनिटाला दोन हजार ठोके. नवं होल किमान फूटभर बाजूला घ्यावं, आणि जुन्याला समांतर, म्हणजे आत जाऊन दोन्हींची गाठ पडणार नाही.