काम्पोजपासून लाल चौकटीपर्यंत

नौपाड्यातल्या एका औषधाच्या दुकानात आजी जुनी चिठ्ठी पुढे करतात, "तीच झोपेची गोळी दे रे." दुकानदार तारीख बघतो. "आजी, नवी चिठ्ठी आणा." आजींना हा नसता ताप वाटतो. पण अशा गोळ्यांची नोंद ठेवणाऱ्या काउंटरवरच्या वहीमागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. ते उभं राहिलं तेव्हा बार्बिट्युरेट ही झोपेची औषधंही यायची होती. ती १९०३ नंतर आली. झोप यायची, पण गुण देणारा आणि जीव घेणारा डोस यांत अंतर फार थोडं. १९५५ मध्ये अमेरिकेत आलेल्या मेप्रोबामेट या चिंतेवरच्या औषधावर लोकांच्या उड्या पडल्या. सवय त्याचीही लागते, हे नंतर कळलं.

न्यू जर्सीतल्या रोश या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी बाजूला टाकून दिलेली एक पूड १९५७ मध्ये आवराआवरीत सापडली. तपासली तर जनावरं शांत होत होती. तीच १९६० ची लिब्रियम. १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम. भारतात रॅनबॅक्सीने १९६९ मध्ये ते काम्पोज नावाने आणलं आणि आपल्याकडे झोपेची कुठलीही गोळी काम्पोजच झाली.

लिब्रियम, व्हॅलियम या बेंझोडायझेपाइन वर्गातल्या गोळ्या. त्या मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवतात. म्हणून चिंतेला तासाभरात उतार पडतो. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस काढायला, किंवा अचानक धडधड सुरू झाली तर, यांच्यासारखं औषध नाही. नुसतं विष म्हणून हात झटकणं मला पटत नाही.

घोटाळा होतो तो गोळी महिनोन्महिने चालू राहिली की. डोस पुरेनासा होतो, विसराळूपणा येतो, म्हातारी माणसं रात्री उठताना पडतात. सोबत दारू किंवा अफूवर्गातली वेदनाशामकं असतील तर श्वासच मंदावतो. दर वेळी नवी गोळी 'आधीच्यापेक्षा सुरक्षित' म्हणून आली आणि दर वेळी सवयीची गोष्ट उशिरा कळली, हे मात्र खटकतं.

१ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरे याच वर्गातल्या गोळ्या आपल्याकडे 'एच-१' यादीत, म्हणजे चिठ्ठीवर आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीत आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा, आणि दुकानदाराकडे वेगळी वही: रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या. ही नोंद तीन वर्षं ठेवायची.

दुकानदार चुकला नाही. पण रोजची गोळी एकदम तुटली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी थोडी उतरवत न्यावी लागते. आजी पिशवी सावरत विचारतात, "मग आज रात्रीचं काय?" तो फोन उचलतो आणि चिठ्ठीवर छापलेला डॉक्टरांचा नंबर लावतो.